कटरताई आणि सिंहाचा जबडा

छापखान्यात तिला सगळे कटरताई म्हणत. बावीस वर्षं ती कागद कापायच्या मशिनवर उभी होती. त्या जुन्या मशिनला दोन बटणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पातं खाली यायचं नाही. हात बटणांवर गुंतलेले असले की बोटं पात्याखाली सापडत नाहीत, एवढी साधी युक्ती.

एकदा छापखान्यात टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांचं काम आलं. प्रत्येक पत्त्यावर एक जनावर. पहिला गठ्ठा तिनेच बोटभर तिरका कापला, मालकाच्या शिव्या खाल्ल्या आणि वाया गेलेला एक जोड घरी आणला. तेव्हापासून रोज सकाळी दार लावून ती एक पत्ता ओढायची. कासव आलं तर आज तोंड मिटून राहायचं, बैल आला तर मुकाट राबायचं. पत्त्यांना काय डोंबल कळतं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आधी तीन वर्षं तिच्या बापाला आंघोळ घालून दाखवावी. अख्ख्या दिवसात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच पाच मिनिटं होती.

बाप त्याच छापखान्यातला जुना मशिनमन. उभ्या आयुष्यात त्याने मुलीवर हात उगारला नव्हता. आता त्याचं डोकं कामातून गेलं होतं, हात मात्र शाबूत होते. मुलगी त्याला ओळखू येत नसे, घरात शिरलेली कुणी चोरटी बाई दिसे. तो ओरबाडायचा, चावायचा, हाताला येईल ते फेकायचा. ती दुपारी कामावरून येईपर्यंत शेजारीण त्याच्याजवळ बसे. "तुझ्यासारखा धीर मी कुणात बघितला नाही गं," असं ती म्हणाली की कटरताई सुखावायची आणि गालावरचा वळ दाराच्या माथी मारायची. इथेच तिचं चुकलं, असं माझं मत आहे.

एका सकाळी सिंह आला. मूळ चित्रात एक बाई सिंहाचा जबडा मिटते आहे. तिरक्या कापणीत बाई गेली होती, तिचे नुसते दोन हात उरले होते. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, शक्ती. बाबा म्हणजे सिंह आणि हात आपले, असा अर्थ लावून ती बापाला आंघोळीला घेऊन गेली.

बापाने पहिल्यांदा तांब्या तिच्या कपाळावर हाणला. मग तिचं डावं मनगट धरून पिळलं. "बाबा, मी आहे," ती कळवळून म्हणाली. "मी म्हणजे कोण? चोरटे, बऱ्या बोलानं नीघ," म्हणत त्याने आणखी पिळलं.

कामावर तिच्या सुजलेल्या हाताने डावं बटण दबेना. रजा मागायची तर कारण सांगावं लागणार. तिने पुठ्ठ्याची घडी खोचून ते बटण दाबलेलंच ठेवलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनेच त्याची खरडपट्टी काढली असती. तासाभराने डाव्या हाताने गठ्ठा सारखा करताना उजवं कोपर दुसऱ्या बटणाला लागलं आणि पातं आलं. मधल्या बोटाचं टोक नखासकट कातरणात जाऊन पडलं.

फोरमनने आधी रक्त बघितलं, मग पुठ्ठा. "कटरताई, तुम्ही?" एवढंच म्हणाला. दवाखान्यात टाके घालून तिला घरी धाडलं.

शेजारीण गेल्यावर बापाने तोच हात ओढला आणि बँडेजवर दात रोवले. कटरताईच्या डोक्यात सणक गेली. पहिली थोबाडीत दिली तेव्हा ती स्वतःच घाबरली. दुसरीला घाबरली नाही. तिसरीला तिला बरं वाटलं. मग छातीवर गुडघा रोवून तिने त्याचा जबडा दोन्ही हातांनी गच्च मिटून धरला, नाकही दाबलं. तिचं रक्त त्याच्या दाढीत ओघळलं. म्हातारा पाय झाडू लागला, त्याचे डोळे पांढरे होऊ लागले, आणि खोलीत कुणीतरी गुरगुरत होतं. तो आवाज आपल्याच घशातून येतोय हे कळलं तेव्हा पत्त्यावरचा सिंह कोण, हेही तिला कळलं. तिने हात काढले.

बाप खोकत खोकत कोपऱ्यात सरकला. "मारू नका हो बाई," तो म्हणाला. "माझी मुलगी येईल आता कामावरनं. ती तुम्हाला सोडायची नाही."

तिने धाकट्या भावाला फोन लावला.

"तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, ताई," तो नेहमीसारखं म्हणाला.

"राहू नकोस. मी बाबांना मारलं. मी त्यांचा जीवच घेत होते."

"लागलंय का त्यांना?"

"लागलंय. मलाही लागलंय." तीन वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं.

"रविवारी येतो."

"आज ये. आज मी त्यांच्याजवळ एकटी राहणार नाही."

तिने बाहेरून कडी घातली आणि जिन्यात बसली. आतून बाप दार वाजवत मुलीला हाका मारत होता. भाऊ येईपर्यंत ती उठली नाही.