सवड मिळाली की चहा पिऊ

मंडळी, डीमन गावातल्या आमच्या शेजारी लामकाकू आज मुलीकडे आर्नहेमला कायमच्या राहायला गेल्या.

काकू मूळच्या हाँगकाँगच्या. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या डचमध्ये. पण लिफ्टमधून बाहेर पडताना त्या नेहमी कॅन्टोनीजमध्ये म्हणायच्या, "दक हान यम छा." म्हणजे सवड मिळाली की चहा पिऊ. हे नुसतं निरोप घेताना म्हणायचं, खरोखर चहा कुणी टाकत नाही, हेही त्यांनीच सांगितलेलं. आपल्या "या एकदा घरी"सारखंच की. मग मीही म्हणायला लागले. इतक्या वर्षांत चहा काही झाला नाही.

आज सकाळी सामान गाडीत चढलं, मुलगी खाली थांबली होती. सवयीनं मीच म्हटलं, "दक हान यम छा."

काकू रोजच्यासारख्या हसल्या नाहीत. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "मला आत्ता सवड आहे. तुला?"

मला मीटिंग होती. लॅपटॉप मिटला आणि आलं किसायला घेतलं. मुलीलाही वर बोलावलं. आलं फार झालंय म्हणत काकूंनी दुसरा कप मागितला.

निघताना मला वाटलं, आता त्या तेच म्हणतील. त्यांनी फोनमधलं कॅलेंडर उघडलं आणि चहालाही तारीख-वेळ ठरवणाऱ्या अगदी डच माणसासारखं विचारलं, "पुढच्या शनिवारी अकरा वाजता येशील?"

जाणार आहे. तुमच्याकडे असं कुणाचं "या एकदा" पडून आहे का?