बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

तार दुपारी आली. यजमान शाळेत गेले होते आणि एकटीनं पाकीट फोडायचा धीर मला होईना, म्हणून ते तसंच मुठीत धरून मी आमच्या कोल्हापूरच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत राहिले. आत काय असणार ते मला ठाऊक होतं. अक्का, माझी थोरली जाऊ, शिमग्याच्या आधीपासून पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. पण तार फोडली नाही तोवर ती आहे, आणि ती आहे तोवर मला तिला एक गोष्ट सांगायला सवड आहे, अशी काहीतरी खुळी समजूत मी करून घेतली होती. शेवटी शेजारणीनं पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं आणि वाचलं... ती गोष्ट एका खिडकीची होती. नऊ वर्षं मी ती सांगितली नाही, आणि आता ती इथे लिहिते आहे. अक्काच्या आठवणी लिहायच्या तर मला दुसरीकडून सुरुवातच करता येत नाही.

आमचं सासर मालवणपासून तीन-चार मैलांवर, समुद्रकाठच्या वाडीत. मोठे भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, मुंबईला कचेरीत. माझे यजमान तेव्हा कोल्हापुरात नुकते मास्तर झाले होते आणि बिऱ्हाडाला जागा मिळायची होती, म्हणून मी सासरीच होते. घरात सासूबाई आणि आम्ही दोघी जावा. जुन्या घराच्या मातीच्या भिंती फुगल्या, तेव्हा त्याच जागी चिऱ्याचं नवं घर बांधायचं ठरलं आणि भावोजींनी मुंबईहून कागदावर नकाशा पाठवला. मी सातवी शिकलेली, त्यामुळे पत्रं वाचायचं काम माझं. नकाशात पुढे ऐसपैस दिवाणखाना, त्याला तीन खिडक्या, कोपऱ्यात टेबल आणि खुर्च्यासुद्धा काढलेल्या! अक्कानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बरो आसा. पण ह्यात लाकडां खंय ठेवची?" खरंच, पावसाचे चार महिने पुरवायची लाकडं, शेणी, नारळ, सुकी मासळी यांतल्या एकाही वस्तूला भावोजींनी जागा ठेवली नव्हती. माणसानं पंधरा वर्षं चाळीत काढली की असं होतं. मी त्यांना उलट पत्री तसं लिहिलंसुद्धा, जरा सौम्य शब्दांत.

मग अक्कानं स्वतःच घर मांडायला घेतलं. मिस्त्रीनं जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखल्या की ही पाट घेऊन जायची आणि त्या रेघांच्या आत बसायची. एकेका खोलीत एकेक दिवस. तांदूळ निवडायचे ते तिथे, नारळ खवायचा तो तिथे. कुठल्या वेळी ऊन कुठे येतं, पाठीला वारा कुठून लागतो, दारातून आलेलं माणूस आधी कुणाला दिसतं, हे ती बसल्या बसल्या बघायची. मिस्त्री हसायचा. "वैनीनू, अजून भिंती उठाक नाय आणि तुमी रवाक इलास?" ती म्हणायची, "भिंती उठल्यार मगे बघून काय करू? आदी बसान बघूक होया." रांधपाच्या खोलीच्या चौकोनात तिनं नारळाची सोडणं, म्हणजे सुक्या साली, पेटवून धूर कुठे जातो ते बघितलं. समुद्रावरचा वारा तो सगळा घरात ढकलत होता. लगेच तिनं चूल पश्चिमेकडून उचलून मागच्या पूर्वेच्या कोपऱ्यात नेली आणि चुलीवर लाकडांचा माळा घेतला, म्हणजे खालच्या आचेनं वरची लाकडं आपोआप सुकत. विळीच्या जागेवर छपराला दोन काचेची कौलं. माजघरात भिंतीतले कोनाडे इतके खाली, की बसलेल्या बाईचा हात न उठता पोचावा. न्हाणीचं पाणी माडांच्या आळ्यांत. हे सगळं करणाऱ्या बाईला अक्षरओळख नव्हती, पण ज्या खोलीत जे काम तेच ती जन्मभर करत आली होती.

भावोजींच्या दिवाणखान्यातून तिनं तीन हात कापून घेतले आणि ते बाळंतिणीच्या खोलीला दिले. एवढ्यावर भागलं असतं. पण त्या खोलीला तिला खिडकी हवी होती.

आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे घराच्या पोटातली, एक दार असलेली, शेगडीच्या धुरानं काळी झालेली खोली. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, एवढा एकच विचार तिच्यामागे. जुन्या घरातल्या असल्याच खोलीत अक्काची दोन मुलं गेली होती. एक अकराव्या दिवशी, दुसरं महिन्याचं होऊन. पुढे तिला मूल झालं नाही. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही, पण सासूबाई कडाडल्या, "बाळंतिणीच्या खोलयेक खिडकी? खंयच्या घरात बघलंस तू? पोराक वारो लागलो तर?" तेव्हा मात्र ती पाट तसाच टाकून उभी राहिली. "माजी दोनय काळोखातच गेली, आये. थंय खंय होतो वारो?"

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मिस्त्रीनं भिंत अर्धवट सोडून पुढचं काम घेतलं. आणि मी? मला तेव्हा पाचवा महिना होता. त्या खोलीत पहिली निजणार होते ती मी. अक्का माझ्यासाठी भांडते आहे हे मला दिसत होतं, आणि तरी आतल्या आत मला वाटत होतं की सासूबाईंचं खरं असलं तर...? मी कुणाचीच बाजू घेतली नाही. अक्कानं शेवटी मिस्त्रीला हाताला धरून आणला आणि भिंतीत जागा सोडायला लावली. खिडकी तिनं खाटेच्या बाजूला न घेता समोरच्या भिंतीत घेतली, छातीच्या उंचीवर, म्हणजे वारा निजलेलीच्या अंगावर न येता वरून जावा. एवढा विचार तिनं केला होता. तो मी तेव्हा कुणाला बोलून दाखवला असता तरी पुष्कळ झालं असतं.

माझी मुलगी त्या खोलीत जन्मली. पहिले पाच दिवस मला आठवतात ते उजेडाचे. सकाळी तिरीप भिंतीवर यायची, अक्का दारातून डोकावायची, मुलीच्या आधी खिडकीकडे बघायची आणि मग लाजल्यासारखी हसायची. सहाव्या दिवशी मुलीचं अंग तापलं. दुपारपर्यंत तिनं दूध सोडलं. सासूबाई खोलीत येऊन नुसत्या खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मीच ओरडले, "अक्का, बंद कर गो ती!" अक्कानं खिडकीची दारं मिटली. मग ती बाहेर जाऊन फळी घेऊन आली आणि मिटलेल्या दारांवर आडवी ठोकली. एक खिळा वाकला, तो तिनं काढला आणि दुसरा मारला.

मालवणहून डॉक्टर आले. त्यांनी मुलीचं दुपटं सोडलं आणि सासूबाईंना हात धुवायला पाणी आणायला पाठवलं. मग मला विचारलं, "बेंबी पिकली आहे हिची. काय लावलंत?"

"राख."

"कुणी?"

मीच लावली होती. सासूबाईंनी सांगितली म्हणून, पण चिमूट माझी. अक्कानं बजावलं होतं की उकळून सुकवलेल्या फडक्याखेरीज तिथे काही लावू नको. मी डॉक्टरांना उत्तर दिलं नाही. त्यांनी बेंबी स्वच्छ केली, इंजेक्शन दिलं आणि उठता उठता म्हणाले, "आणि खोली अशी कोंडली कशाला? उघडा ती खिडकी." तोवर सासूबाई तांब्या घेऊन आल्या. डॉक्टरांनी हात धुतले आणि ते घाईनं गेले. मागच्या दाराशी थांबलेली अक्का आत आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. "डाक्टर काय म्हणालो? खिडकीचा काय म्हणालो?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणतलो? वारोच." अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि मुलीचं दुपटं सारखं करू लागले.

चार दिवसांनी ताप उतरला. फळी तशीच राहिली.

उद्या सांगू, सासूबाई माहेरी गेल्या की सांगू, बारसं होऊन जाऊ दे... असं करता करता मी कोल्हापूरला आले. दर मे महिन्यात आम्ही जायचो आणि दर वेळी मी ठरवून जायची. सासूबाई गेल्या त्यालाही आता चार वर्षं झाली, म्हणजे ते भयही उरलं नव्हतं. मग भय कसलं होतं? माझंच. अक्का माझ्या मुलीवर इतका जीव टाकायची, की 'ती राख माझी होती आणि दोष मी तुझ्यावर राहू दिला' हे तिच्या तोंडावर म्हणायची मला हिंमत झाली नाही. दरम्यान वाडीतल्या बायका घर बांधायचं निघालं की अक्काकडे येत. अक्का त्यांच्या चुन्याच्या रेघांत जाऊन बसे, चुली हलवी, कोनाडे खाली घ्यायला लावी. आज आमच्या वाडीत पाच-सहा घरांत धूर कोंडत नाही तो तिच्यामुळे. पण मागच्या खोलीशी आली की ती सांगायची, "हयसर खिडकी घेव नको. मी एकदा चुकलंय." आणि ती घरं तशीच बांधली गेली.

शिमग्याला आम्ही गेलो ती शेवटची भेट. तिला त्याच खोलीत ठेवलं होतं. आत इतकं कोंदट होतं की मला बसवेना. मी फळीला हात घातला, तशी ती एवढ्या दुखण्यातही अर्धी उठली. "उघडू नको गो. चेडू हय निजता, तेका वारो लागात." ते चेडू, म्हणजे माझी मुलगी, आता नऊ वर्षांची आहे, बाहेर उन्हात हुंदडत होती. मी तिच्या उशाशी बसले. आता सांगायचंच, असं म्हणून तिचा हात हातात घेतला. तेव्हा तीच बोलू लागली. "माजी दोगां काळोखान गेली असा माका वाटलेला. त्या काळोखाक मी कितक्या गाळी घातल्या असतीत... नाय गो. काळोखाचो काय एक दोष नव्हतो. माजाच नशीब." आणि ती माझ्याकडे बघून हसली, मीच बिचारी काही मनाला लावून घेऊ नये म्हणून. मी तिचा हात तसाच धरून बसले. बोलले नाही. तिला औषधाची गुंगी आहे, सकाळी सांगू, असं स्वतःला सांगितलं, आणि सकाळी आमची गाडी होती.

तेराव्या दिवशी पानं उठल्यावर मी भावोजींना सगळं सांगितलं. ते नोकरी संपवून दोन वर्षांपूर्वीच घरी आले होते आणि बाहेर लोट्यावर, म्हणजे ओटीवर, बसले होते. राख, डॉक्टर, खाली घातलेली मान, काही वगळलं नाही. ते मला रागावतील अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "आता माका कित्याक सांगतस? तिका सांगूक होया होता." एवढंच. मग ते उठले, पकड शोधून आणली आणि आम्ही दोघांनी ती फळी काढली. खाऱ्या हवेनं खिळे गंजले होते, दारं फुगली होती. एक उघडलं, दुसरं उघडलं नाही.

तिथून मी तशीच शेवंतीकडे गेले. शेवंती म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची. दोन वर्षांपूर्वी तिचं घर अक्कानंच मांडून दिलं. पहिलटकरीण आहे, माहेरी कुणी नाही म्हणून बाळंतपण इथेच, आणि ज्येष्ठात दिवस भरतात. तिची मागची खोली मी आत जाऊन बघितली. दुपारच्या वेळी मला समोरची भिंत दिसेना. मी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि म्हटलं, पावसाच्या आधी मिस्त्री बोलाव, दोन दिवसांचं काम आहे, मी थांबते. तिनं मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "तुमका दुख्ख झाला म्हणान तुमी असा बोलतास. अक्कान सोताच्या तोंडान सांगल्यान माका. अक्का कित्याक खोटा सांगात?" मी हात जोडले, चिडले, माझ्या मुलीची शपथ घेतली. ती नाहीच म्हणाली. अक्काच्या शब्दापुढे माझा शब्द तिनं का मानावा? मी वाडीत कोण? मे महिन्यात येणारी पाहुणी.

परत येऊन तीन आठवडे झाले. ज्येष्ठाला किती दिवस उरले ते मी रोज कॅलेंडरपाशी उभी राहून मोजते. शेवंतीला वाचता येत नाही. तिचा नवरा मुंबईला गोदीत आहे. तो रविवारी हे वर्तमानपत्र घेतो, हे मला तिनंच एकदा कौतुकानं सांगितलं होतं. पावसाळ्यासाठी बंदर बंद व्हायच्या आत, शेवटच्या बोटीनं तो घरी येणार आहे. बाबा रे, हे वाचलंस तर घरी पोचल्यावर आधी मिस्त्रीला बोलाव. खाटेच्या समोरच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर. अक्कानं तशीच घेतली होती, आणि ती चुकली नव्हती.