तागाच्या पत्र्यावरचे फोड

पिंपरीत तेव्हा कारखाने थोडेच होते. त्यातल्या एका लहान कारखान्यात मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन लागलो. विजेच्या फलकांसाठी आम्ही सुती कापडाचे थर बॅकेलाइटच्या राळेत भिजवून, तापवून, दाबून कडक पत्रे करत असू. सुती कापड महागलं, तेव्हा मालकांनी तागाचं आणलं. ते उष्णतेला कितपत टिकतं हे पाहणं माझ्याकडे आलं.

चाचणीची खोली आवाराच्या टोकाला होती. भट्टीत तुकडा ठेवायचा आणि काचेतून बघत बसायचं. दिवसभर कोणी फिरकत नसे, आणि मला ते बरंच वाटे. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच बायको बाळंतपणात गेली होती. कोकणातल्या त्या घरात राहवेना म्हणून मी इथे आलो होतो. इथे हे कोणाला सांगितलं नव्हतं.

तागाचे पत्रे तापले की त्यांना फोड येत, थर सुटत. माझ्या वरचे साहेब म्हणाले, "राळ कमी पडतेय." राळ वाढवली, तरी फोड यायचेच. एका दुपारी भट्टीच्या काचेवर आतून वाफ धरलेली दिसली. पत्र्यात पाणी आलं कुठून? तागानेच हवेतली ओल धरली होती. पुढच्या खेपेला ताग आधी कडकडीत वाळवला आणि लगेच राळेत घातला. पत्रा सपाट राहिला. आच आणखी वाढवली तेव्हा राळ शाबूत होती, पण ताग तपकिरी होऊन करपू लागला. म्हणजे त्याची हद्दही कळली.

तुकडा खिशात घालून चिंचवडला खोलीवर आलो. घरमालक शेतकरी होते, म्हशीला वैरण घालत होते. त्यांनी काही विचारायच्या आत मीच पत्र्याचं सगळं सांगत सुटलो.

"म्हंजी आता फोड येत न्हाईत?"

"नाही."

"मग बेस झालं की. पन तुमी असं रडवेलं का बोलताय?"

"घरी गेलो की बायको विचारायची, आज काय केलंत. ती वारली."

त्यांनी हातातली पेंढी म्हशीपुढे टाकली. मग म्हणाले, "आज जेवायला आमच्यात या."

साहेबांनी तो पत्रा फारशा न तापणाऱ्या फलकांसाठी घेतला. मी घरमालकांकडे अधूनमधून जेवायला जात राहिलो. बायकोविषयी त्यांनी पुन्हा विचारलं नाही, मीही बोललो नाही.