तारेत तांबं नव्हतंच

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. राग दुसऱ्या कोणावर काढायची सोय नाही, कारण अटकेच्या कागदावर सही माझी होती.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पुसदकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कापसाची ती वाईट वर्षं. बोंडअळीने शेतं खाल्ली होती, नुकसानीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि गावोगावच्या ग्रामपंचायतीत सरकारी इंटरनेटची पेटी भिंतीवर नुसती टांगलेली होती. अर्जासाठी माणसं पहिल्या एसटीने तालुक्याला येऊन दिवसभर रांगेत उभी राहत. जमिनीखालून तार टाकून देशातली प्रत्येक ग्रामपंचायत जोडायची, अशी ती योजना. तिच्या खर्चावरून आमच्याकडचे दोन पुढारी एकमेकांवर तुटून पडत. एक म्हणत, कापसाला भाव द्यायचा सोडून सरकारने जनतेचा पैसा मातीत गाडला. दुसरे म्हणत, विरोधकांना शेतकऱ्याची प्रगती बघवत नाही.

एका सभेत कोणीतरी उठून विचारलं, एवढा खर्च झाला तर पेटी बंद काहून हाये? दुसऱ्याच दिवशी कंत्राटदाराचा सुपरवायझर ठाण्यात फिर्याद घेऊन हजर. एका गावाच्या रस्त्यालगतची सगळी तार चोरीला गेली म्हणे. मी गुन्हा दाखल करून घेतला. दुपारपर्यंत दोन्ही पुढाऱ्यांचे फोन आले. एकाला योजना का बंद पडली हे सांगायला चोर हवा होता, दुसऱ्याला पोलीस झोपलेत हे सांगायला. चोर दोघांनाही हवा होता, आणि मलाही.

खबर तिसऱ्या दिवशी लागली. त्या गावात नळाला पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा माणूस पूर्वी टेलिफोनच्या तारेच्या चोरीत शिक्षा भोगून आला होता. रेकॉर्डवरचा माणूस सापडला की पोलीस ठाण्याचं निम्मं काम संपतं, ही आमची जुनी खोड. त्याला उचलून आणलं. जमादाराने पट्टा टेबलावर ठेवला, पण वापरायची वेळच आली नाही. पंधरा मिनिटांत गडी कबूल झाला. रस्त्यालगतची तार उपटली, नाल्यात जाळली, आतलं तांबं भंगारवाल्याला विकलं. जमादाराने भंगारवाल्याकडून जळक्या तांब्याचं गाठोडं जप्त करून आणलं. पंच तयार होते, पंचनामा झाला, कोर्टाने पोलीस कोठडी दिली. दोन्ही पुढाऱ्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मी ते खुशाल घेतलं.

मुद्देमाल ओळखायला टेलिफोन खात्यातला एक तंत्रज्ञ बोलावला होता. त्याने गाठोडं उघडलं.

"साहेब, हे कायले दाखवून राह्यले मले? त्या तारेत तांबं नसते. काचेचा धागा असते, केसापेक्षा बारीक. भंगारवाला त फुकटही घेणार नाही."

म्हणजे जमादाराने भंगारवाल्याकडचं दुसरंच कसलं तरी तांबं उचलून आणलं होतं. मी उठून लॉकअपकडे गेलो.

"तांबं विकलं असं का सांगितलंस?"

तो गजांजवळ आला. "मागच्या खेपेस तुमच्या ठाण्यानं तेच लिहून घेतलतं न जी. नाल्यात जाळली, तांबं विकलं. तवा खरंच चोरलतं मी. तरी दोन दिवस नाही म्हटलं अन् तिसऱ्या दिवशी हो म्हणाच लागलं. या खेपेस म्हटलं, दोन दिवस वाचवा."

जमादाराला जुनी फाइल काढायला लावली. दोन्ही निवेदनं शेजारी ठेवून वाचली. वाक्य न् वाक्य तेच, फक्त तारीख आणि गावाचं नाव वेगळं. मी जमादारावर इतका ओरडलो की बाहेरचा पहारेकरी आत आला. जमादार शांतपणे म्हणाला, "साहेब, वाचून सही तुम्हीच केली." खरं होतं. सही केली होती, वाचलं नव्हतं.

त्याची बायको रोज डबा घेऊन येई आणि व्हरांड्यात बसे. त्या दिवशी मी तिला आत बोलावलं. चार दिवस तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मनात साचलेलं ती एका दमात बोलली.

"साहेब, तार जमिनीत होती म्हणता. मंग ती काढाले नाली उकरा लागते का नाही? उकरलेली जागा दाखवा मले. आमची जमीन काळी हाये. खणलेलं लपत नाही तिच्यात. नळाच्या पाइपाची नाली यानंच खंदली, तीन पावसाळे झाले, अजून बसलेली दिसते. चला, दाखवतो."

तिच्याबरोबर दोन नवे पंच घेऊन गेलो. रस्त्याच्या एका बाजूला पाण्याच्या पाइपची रेघ होती. माती खाली बसलेली, गावापर्यंत सरळ दिसणारी. दुसऱ्या बाजूला तारेच्या खुणेचे दगड रंगवून ओळीने उभे होते आणि त्यांच्यामधली जमीन सलग होती, जुन्या बाभळीच्या मुळ्या जागच्या जागी. दगडाशेजारी पाच ठिकाणी खोदलं. लोखंडी सब्बलही आत जाईना, असली कोरी जमीन. मग ग्रामपंचायतीत गेलो. पेटीखाली फरशीतून काळी तार वर आली होती. मी हाताने ओढली. दोन हात तार निघाली आणि तिचं दुसरं टोक माझ्या हातात आलं.

तार चोरीला गेली नव्हती, टाकलीच नव्हती. पैसा मातीत गाडला म्हणून पुढारी कंठशोष करत होते. निदान मातीत तरी गाडायचा होता.

पंचनामा करून मी खोट्या फिर्यादीचा अहवाल कोर्टात पाठवला आणि पाणीवाल्याला सोडलं. कंत्राटदाराचं प्रकरण वरच्या शाखेने मागवून घेतलं, त्यानंतर ते कागद मी पाहिले नाहीत. पुढाऱ्यांचं भांडण थांबलं नाही. आता वाद एवढाच, की कंत्राट कोणाच्या राजवटीत दिलं. ज्या माणसाला यांच्या भांडणासाठी आम्ही आत टाकलं, त्याचं नाव दोघांपैकी एकानेही घेतलं नाही. आणि गावात? ग्रामपंचायतीने पाणी सोडायच्या कामावर दुसरा माणूस ठेवला होता. चोराच्या हाती पाण्याच्या टाकीची किल्ली नको, असा ठरावच झाला होता.

सुटलेला पाणीवाला ठाण्यात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. "साहेब, एक चिठ्ठी द्या, म्हंजे ग्रामसभेत दाखवतो. यानं तार चोरली नाही, एवढंच लिहा."

मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, असं पत्र द्यायची पद्धत नाही, कोर्टाचा आदेश आहे ना, त्याची नक्कल काढू दे. मी तेच त्याला सांगितलं. तो मान हलवून निघून गेला. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. पद्धत नाही म्हणून एका निर्दोष माणसाला हात हलवत परत पाठवलं, याची चीड मला वरिष्ठांची कमी आणि स्वतःची जास्त आहे. चुकीची अटक घाईत झाली असं म्हणता येईल. ते पत्र नाकारलं तेव्हा मला कसलीही घाई नव्हती.

या केसने मला एक सवय लावली. त्यानंतर कोणताही कबुलीजबाब पुढे आला की मी तो आधी वाचायचो, आणि त्यात आरोपी बोलतोय की आमचंच ठाणं बोलतंय, हे तपासल्याशिवाय पेन उचलत नसे.

निवृत्तीनंतर एका लग्नाला त्या बाजूला गेलो. जाताना ते पत्र घरी लिहून बरोबर घेतलं होतं, चांगल्या अक्षरात, खाली पूर्ण नाव आणि हुद्दा. तो दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होता. कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडून बांधावर आला, त्याची बायकोही आली. त्याने हात पुसून कागद घेतला, सावकाश वाचला, उलटून मागची बाजू पाहिली.

"चांगलं लिहिलं साहेब," तो म्हणाला. "पण याच्यावर शिक्का नाही न जी."

शिक्का ठाण्यात राहिला होता. तो माझ्या टेबलावर होता, तेव्हा मी त्याला पत्र दिलं नव्हतं.