मागच्या सीटवरच्या दोघी आणि साठच्या दशकातली बाई

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहिणार होतो, पण तेवढं कबूल करायलाही अजून जीभ वळत नाही. मी चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात आहे, वायरिंगच्या क्वालिटी विभागात. गाडीत काही वाजलं, पेटलं, बंद पडलं की ते कशामुळे, हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... ऑफिसातल्या कुणी वाचू नये म्हणजे झालं.

माझी बायको सायली सातव्या महिन्यात असताना आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली. आम्ही वेलचेरीला, स्टेशनच्या मागच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गाडी मिळाली तांबरमच्या सेतुरावांकडे. निवृत्त शिक्षक, तंजावूरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. "या, या, बसा. कापी घेतांत की?" अशी त्यांची मराठी! जुन्या पोथीला तमिळ हेल लावावा तशी. किल्ली देताना म्हणाले, "गाण्याची पेट्टी चालत नाही. बायको गेली, तेव्हां मीच फ्यूज काढून ठेवलों. तबकडी आंत अडकली आहे. राहूं द्या."

ग्लव्ह बॉक्समध्ये त्या सीडीचं कव्हर होतं. साठच्या दशकातल्या एका इंग्रज गायिकेच्या गाजलेल्या सिंगल्सचा, म्हणजे एकेका गाण्याच्या रेकॉर्डींचा, संग्रह. डोक्यावर वारुळाएवढा केसांचा डोंगर, डोळ्यांत बोटभर काजळ. नाव लिहीत नाही, बिचारीचा यात काही दोष नाही.

मग बाळंतपणासाठी धुळ्याहून माझी आई आली, आणि त्याच आठवड्यात रत्नागिरीहून सासूबाई. कुणी कुणाला बोलावलं होतं यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. आईच्या भाजीने सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी, सासूबाईंची गूळ घातलेली आमटी आईला खीर वाटायची. दोघी एकमेकींशी थेट बोलेनाशा झाल्या. "निखिल, तुझ्या सासूबाईंना सांग, आमच्याकडे गरोदर बाईला असलं थंड देत नाहीत." हे सासूबाई समोर बसलेल्या असताना!

सायलीचं बीपी वाढायला लागलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, असंच राहिलं तर अॅडमिट करावं लागेल, घरात शांतता ठेवा. सायली रडकुंडीला आली होती. म्हणाली, "आता एक जरी भांडण झालं ना, तर दोघींची परतीची तिकिटं काढ. मी एकटी बाळंत होईन."

त्याच दिवशी दवाखान्यातून परतताना पहिल्यांदा झालं. सायली पुढे माझ्या शेजारी, त्या दोघी मागे. विषय: डिंकाचे लाडू की अळिवाचे. आवाज चढायला लागले आणि सायलीने डोळे मिटून घेतले. आणि अचानक... ट्रम्पेट! मग ढोल, मागे 'शू-वा, शू-वा' करणाऱ्या पोरी, आणि मग ती बाई. असा आवाज, की समोरच्या शेअर ऑटोतली माणसं वळून बघायला लागली.

"बंद कर रे ते!" आई ओरडली.

बंद काय करू? प्लेअरचा दिवासुद्धा लागलेला नव्हता.

"काय किंचाळतेय ही!" सासूबाई म्हणाल्या.

"नाही तर काय," आई म्हणाली. पंधरवड्यातलं पहिलं थेट वाक्य! पण दुसऱ्या गाण्याला आई जरा पुढे झुकली. "नवऱ्याने टाकलेली दिसतेय."

"टाकलेली नाही हो. वाट बघतेय ती. आवाजावरून कळतं."

"वाट बघतेय म्हणजे तो गेला कशाला?"

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "सासूने काहीतरी केलं असणार."

"अगदी माझ्या मनातलं बोललात, विहीणबाई!"

दोघींना इंग्रजी ओ की ठो कळत नाही. पण घरी पोचेपर्यंत त्या बाईचं लग्न, सासुरवास, नवऱ्याची परगावची नोकरी, सगळं ठरलं होतं. सायली पोट धरून हसत होती.

मी घरी आल्या आल्या फ्यूजबॉक्स उघडला. प्लेअरचा फ्यूज जागेवर नव्हता. म्हणजे प्लेअरला वीजच नाही. मीटर लावून पाहिलं, चक्क शून्य.

मग मी माझ्या पद्धतीने तपासायला घेतलं. एकट्या आईला फिरवून आणलं, शांत. एकट्या सासूबाई, शांत. आईबरोबर शेजारच्या मालती मामींना बसवलं. त्या वाटभर पाण्याच्या टँकरबद्दल बोलल्या, बाकी काही नाही. वजनाचा संबंध असेल म्हणून मागच्या सीटवर तांदळाची पोती ठेवली. वॉचमनने विचारलं, "सार, दुकान टाकताय का?" पण त्या दोघी एकत्र बसल्या की कोपऱ्यावर वळायच्या आत ट्रम्पेट!

शेवटी मी शोधणं सोडलं आणि रोज संध्याकाळी सगळ्यांना फिरायला न्यायला लागलो. वेलचेरी, गिंडी, बेसंट नगर, परत. दोघी पावणेसहालाच चपला घालून तयार. "चल रे, कालपासून तिचं काय झालं कोण जाणे." स्वयंपाकघरातही फरक पडला. आमटीत गूळ तसाच राहिला, पण आई ती मुकाट्याने दोनदा वाढून घ्यायची. पुढच्या तपासणीत सायलीचं बीपी खाली आलेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? काय सांगणार, कप्पाळ!

आणि मला सेतुरावांची आठवण झाली. गाडी त्यांची, सीडी त्यांच्या बायकोची. फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मी येऊं का? एकदां ऐकतों."

रविवारी सकाळी आई, सासूबाई आणि मी तांबरमला गेलो. ते फाटकात उभे होते, धोतरासारखी इस्त्रीची पांढरी वेष्टी, केस ओले करून चापून बसवलेले. लग्नाला निघाल्यासारखे. पुढच्या सीटवर बसले, हात मांडीवर. मी गाडी काढली. पहिलं वळण गेलं... काही नाही. पल्लावरम आलं. काही नाही.

आईने मला आरशातून खूण केली आणि मोठ्याने म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या आमटीत गूळ जरा जास्तच असतो हं."

"असतो ना," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "तुमच्या भाजीने तर माझी जीभच भाजते."

"पण चवीला बरी असते ना?"

"छे छे, फारच छान असते!"

भांडणसुद्धा जमेना. सेतुराव हसले. म्हणाले, "राहूं द्या. मी घरांत असलों की माझ्या बायकोचा आवाज बंद. लाजत होती. मी बाहेर गेलों की मग गात होती, शेजाऱ्यांनी मला सांगितलें."

मग मागून सासूबाईंनी एक गाणं म्हणायला सुरुवात केली, अगदी हळू. आईने लगेच धरलं. शब्द म्हणजे नुसता गोंधळ, 'बेबी' सोडून एकही इंग्रजी शब्द नाही. ट्रम्पेटसुद्धा आईच तोंडाने वाजवत होती. पण चाल पक्की. संथ, जरा उदास, मधेच एकदम उंच जाणारी.

सेतुरावांनी चष्मा काढला. मी गाडी बाजूला घेतली.

गाणं संपल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "हें कोठें ऐकलांत?"

"याच गाडीत की," आई म्हणाली.

"हें त्या तबकडीवर नाहीं. तेवढें एकच घातलें नाहीं म्हणून ती शेवटपर्यंत त्या कंपनीवर रागावली होती. एवढी गाणीं घातली आणि माझें आवडतें तेवढें गाळलें, म्हणत होती." मग पुन्हा चष्मा लावून म्हणाले, "तिला पण इंग्लिश येत नव्हती. असेंच गात होती म्हणे."

त्यानंतर गाडीत गाणं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्हाला मुलगी झाली, दोघीही सुखरूप. मी मेकॅनिककडून सीडी काढून घेतली, लॅपटॉपवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. ते गाणं खरंच नाही. आईला फोनसमोर गुणगुणायला लावलं, तर फोनने ओळखलं: त्याच गायिकेचा एक जुना सिंगल.

मी दोघींना वेगवेगळं गाठून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "गाडीतच ऐकलं, जावईबापू. रोज शेवटी तेच तर लागायचं." आईही तेच म्हणाली. सायलीला आठवत नाही. आणि मी? रोज गाडी मीच चालवत होतो, माझे कान शाबूत आहेत, आणि ते गाणं मी एकदाही ऐकलेलं नाही.

आईला हे सांगितलं, तर तिने मुलीची दुपटी घडी करता करता माझ्याकडे पाहिलं. "ते तबकडीतलं नव्हतंच, सेतुरावांच्या बायकोचं होतं. तुला कसं ऐकू येईल?" म्हणाली. "ती पुरुषमाणसासमोर गात नाही, हे तुला त्यांनी सांगितलं ना?"