टाकीमास्तर आणि ताईच्या घरचं पाणी

चौकातल्या शिंप्याला सगळे टाकीमास्तर म्हणत. मशीनच्या पायाशी पाण्याचे दोन मोठे कॅन, आणि एक बाही शिवून होईतो अर्धी बाटली पोटात. "मास्तर, कपडे शिवता की विहीर आटवता?" गिऱ्हाइकं थट्टा करत. मास्तर हसून वेळ मारून नेत. ही हौस नाही, दुखणं आहे, हे कुणाकुणाला सांगत बसणार?

दुखणं आईवडिलांकडून आलेलं. यकृत ऑक्सॅलेट नावाचा क्षार ढिगाने तयार करायचं आणि तो गाळता गाळता मूत्रपिंडं खड्यांनी भरायची. पाण्याने तो धुऊन काढायचा, एवढाच उपाय. थोरल्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडं त्यातच गेली. ताई आता डायलिसिसवर होती. तिला दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी, गोळ्याही त्यातच गिळायच्या. रोग एकच, पण भावाला पाण्याची सक्ती आणि बहिणीला बंदी.

म्हणून दर रविवारी ताईकडे गेले की मास्तर पाण्याला शिवत नसत. बाटली बाहेर सायकलला अडकवून ठेवत आणि दुपारभर कोरड्या घशाने गप्पा मारत. असल्याच एका रविवारनंतर खडा अडकला, गुरासारखे ओरडले, तरी नेम मोडला नाही. शुद्ध वेडेपणा होता हा. पण जिच्या ओठांना भेगा पडल्यात, तिच्यासमोर घटाघटा प्यायचं तरी कसं?

मग नवं इंजेक्शन आलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "शरीरातल्या मूळ आराखड्याची एक नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. ती वाचून यकृत कामाला लागतं. हे औषधही त्याच जातीचं. ते ती नक्कलच नष्ट करतं."

मास्तरांना चटकन उमगलं. कागदी नमुनाच फाडला, तर कापड बेतणार कशावरून?

"आणि माझ्या ताईला?"

"क्षार कमी होईल. पण गेलेली मूत्रपिंडं परत यायची नाहीत."

मास्तरांनी इंजेक्शनं सुरू केली. काही महिन्यांनी त्यांच्या तपासणीत क्षार जवळपास सामान्य निघाला. मूत्रपिंडं वाचली होती. मास्तर दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले. हेच औषध थोडं आधी आलं असतं तर! आता ताईला सांगायचं कुठल्या तोंडाने?

रविवारी त्यांनी मान खाली घालून कसंबसं सांगितलं. ताई उठली, आत गेली आणि काठोकाठ भरलेला तांब्या आणून तिने समोर ठेवला.

"पी."

"नको गं ताई. आता पूर्वीइतकं लागत नाही मला."

"सायकलची बाटली खिडकीतून दिसते रे, वेड्या. इतकी वर्षं दिसतेय." तिने तांब्या आणखी पुढे सरकवला. "आपल्या घरात कुणीतरी पोटभर पाणी पितंय, एवढं बघू दे मला."

मास्तरांनी तांब्या तोंडाला लावला. डोळ्यांतलं पाणी गालांवरून तांब्यात उतरत होतं, तरी तळ दिसेपर्यंत प्यायले. ताईने रिकामा तांब्या हातात घेतला.

"आणखी आणू?"