दातार सरांची भूक

दातार सर कधी खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसत. तळोज्याच्या आमच्या कारखान्यात एखाद्या नवीन कुरकुऱ्या पदार्थाचा नमुना तयार झाला, की ते ऑफिसातल्या चार जणांना बोलवत, मध्ये वाडगं ठेवत आणि क्रिकेटच्या गप्पा काढत. नजर मात्र सगळ्यांच्या हातांवर. "छान आहे असं माणूस भिडेखातर म्हणतो," ते नंतर मला सांगत. "हात परत येतो का ते बघायचं. वाडग्याचा तळ दिसला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, तर आपलं जमलं."

मी प्रयोगशाळेत नवा लागलो तेव्हा ते आमचे प्रमुख होते. पाकिटातला घास तोंडात गेल्या गेल्या विरघळला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. "चावायला लागलं की माणूस विचार करतो. विचार केला की थांबतो." मीठ, आंबट, तेल यांचं प्रमाण ते असं जुळवत, की मीही चकित होऊन खात राहायचो. त्यांचा स्वतःचा डबा मात्र वहिनींच्या हातचा. भाकरी, पालेभाजी, ताक. आम्ही बनवलेलं ते चाखत आणि बेसिनमध्ये थुंकत. "चाखणं आपलं काम, गिळणं गिऱ्हाइकाचं," म्हणत आणि खो खो हसत. मीही हसायचो. माझ्या घरी ती पाकिटं खोक्यांनी जात होती, तरी हसायचो.

निवृत्तीनंतर ते नवीन पनवेलमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रमले होते. मग टायफॉइड झाला. ताप गेला, पण अन्नावरची वासना गेली ती परत येईना. डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा जेवण महत्त्वाचं आहे, अंगात ताकद आली पाहिजे. वहिनी मऊ भात, मेतकूट, कुळथाचं पिठलं, काय काय करायच्या. सर दोन घास घेऊन ताट सरकवायचे. "पोट भरलं," म्हणायचे. वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या की डोळे पुसायच्या. "खोटं बोलतात हो. चिमणीएवढंही खात नाहीत."

एकदा मी, सरांनी आणि मी मिळून बनवलेलं, सर्वात जास्त खपलेलं पाकीट घेऊन गेलो. जुनी आठवण म्हणून. सरांनी ते फोडलं, गप्पा मारता मारता संपवलं. वहिनींचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही आणत जा ना! निदान काहीतरी पोटात जातंय." मग मी दर रविवारी पिशवी भरून नेऊ लागलो. सरांचा चेहरा जरा भरल्यासारखा दिसायला लागला. पण जिना चढताना ते पहिल्याच मजल्यावर बसत, आणि ताटावरून आता दोन घासांआधीच उठत. याचं कारण मला कळत होतं. मी तेच तर शिकलो होतो, त्यांच्याकडूनच. तरीही नेत राहिलो. आपण केलेलं कुणीतरी इतक्या आवडीनं खातंय, ते बघायला मला बरं वाटत होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

थांबवलं ते सरांनीच. एका रविवारी त्यांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"भूक लागतच नाही रे. नुसतं खावंसं वाटतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला माहीत होतं. पगार त्याचाच घेतला मी. यापुढे आणू नकोस."

वहिनी माझ्यावरच उखडल्या. "खात होते तेही बंद केलंत! आता काय उपाशी ठेवायचं का त्यांना?" सर कपाटं उघडून बघायचे, चिडचिड करायचे, चहात साखर वाढवून मागायचे. जेवण मात्र जाईना. वहिनी माझा फोन घेईनाशा झाल्या.

थंडी पडली आणि भोईरांचा निरोप आला. भोईर आमच्या कारखान्याच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर, नेरे गावचे. शेतावर पोपटी लावतोय, साहेबांना घेऊन या. मी सरांना दुपारी घेऊन गेलो. भोईरांनी मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा-मीठ भरलं, तोंडाशी पाला कोंबून मडकं उपडं घातलं आणि भोवती जाळ केला. ना पाणी, ना तेल. सर बांधावर बसून होते. पाल्याचा, शेंगांचा वास सुटला तसे उठून जाळाभोवती फिरायला लागले.

"झालं का रे, भोईर?"

"नाय ओ सायेब. आताशी तर लावली हाय."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग जरा आवाज चढवून.

"सायेब, हितं तुमची सायेबी नाय चालत. मडकं सांगंल तवाच उतरायचं." भोईरांनी मडक्यावर पाणी शिंपडून बघितलं, ते लगेच उडालं नाही तशी नकारार्थी मान हलवली. "तुमी शांत बसा बगू. पोरासारकं काय करताव?"

मडकं उतरवून ओतलं तेव्हा सरांनी चटका बसला तरी शेंग सोडली नाही. सोलायची, दाणा काढायचा, चावायचा, पुढची घ्यायची. बराच वेळ खाल्लं आणि मग हात पुसले.

"पोट भरलं," ते म्हणाले आणि स्वतःच चकित झाल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

सरांच्या फोनवरून वहिनींना कळवलं, तर त्यांना खरं वाटेना. सरांनी काय काय खाल्लं ते मी सांगितलं, त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

तिथून सर हळूहळू जेवायला लागले. पण त्यानंतर ते फार वर्षं जगले नाहीत. एका सकाळी हृदयानं दगा दिला. मी पोचलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. "लवकर कर, फार भूक लागलीय म्हणाले. मी म्हटलं, आत्ता देते. पोहे भिजवलेले होते हो. भुकेले गेले..." येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच सांगत होत्या.

त्यांच्याजवळ बसून मला म्हणायचं होतं, वहिनी, ती भूक त्यांनी किती कष्टानं परत मिळवली होती. पण ते मी कुठल्या तोंडानं म्हणणार? दुसऱ्या दिवशी मला कारखान्यात हजर व्हायचं होतं. मी अजूनही तिथंच आहे.